मुंडावळ्यांचा कोपरा

बाळांनो, जवळ सरका आणि चुळबूळ करू नका. ही गोष्ट सांगताना माझाही थोडा गोंधळ उडतो. पण गोष्टच गोंधळाची आहे, त्याला मी काय करू?

एक होती रुंजी. सात वर्षांची, दोन इवल्याशा वेण्यांची, ठिगळाच्या पिवळ्या फ्रॉकची. हिरव्यागार बागेच्या कडेला एका खोलीच्या घरात ती आणि तिची आई राहायच्या. आई मुंडावळ्या करायची. लग्नात नवरा-नवरीच्या कपाळाला मोत्यांच्या माळा बांधतात ना, त्याच. त्यावरच दोघींचं पोट होतं. पण गेल्या वर्षी आईची नजर गेली. समोर उजेड आहे की अंधार, एवढंच तिला कळायचं.

खिडकीखाली आईचा कामाचा कोपरा होता, आणि काय त्याचा तो अवतार! चटणीच्या बरणीत बारके मोती, पोचा आलेल्या डब्यात टपोरे मोती, करवंटीत चंदेरी जर, बाबांच्या जुन्या टोपीत लाल लाल गोंडे, आणि सुया कुठे, तर एका वाळक्या दोडक्यात टोचलेल्या.

त्या दिवशी सकाळीच शेजारच्या गोदूमावशी आल्या. त्यांच्या लेकीचं, शेवंताचं लग्न त्याच दिवशी होतं, गोरज मुहूर्तावर, गाई घरी परततात त्या वेळेला.

"मुंडावळ्या होतील ना गं तोवर?" मावशी म्हणाल्या. "या पसाऱ्यात तुला सापडतं तरी काय? जमत नसेल तर सांग बाई, बाजारातून आणते. मग पुढच्या लग्नांचंही तिकडेच सांगू."

"होतील. गोंडे झालेत, माळा ओवायच्या राहिल्यात," आई हळूच म्हणाली.

रुंजीला फार वाईट वाटलं. हे काम गेलं तर आई काय करणार? ती बागेत जाऊन रडत बसली. तेवढ्यात बोरीच्या झाडातून बारीकसा आवाज आला. बघते तर काय, काट्यात एक चिमुकली परी अडकलेली. गुलाबी झगा, मोरपंखी पंख, आणि एक पंख टर्रकन फाटलेला.

"थांब हं, परीताई, हलू नकोस," रुंजी म्हणाली. तिच्या फ्रॉकला कायम एक सुईदोरा टोचलेला असायचा. तिने डोळे पुसले आणि बारीक बारीक टाके घालून पंख शिवून दिला.

परी दोनदा भिरभिरली. "माझं नाव लुकलुकी. तू माझा पंख शिवलास, मी तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन. पण नियम आहेत बरं का. जादू वस्तूंवर चालते, माणसांवर नाही. मागितलेलं परत घेता येत नाही. आणि जादू पसारा आवरून देते, आवरलेला राखत नाही."

आईचे डोळे मागता येणार नव्हते. मग रुंजीने झटकन सांगितलं, "आईचा कोपरा नीटनेटका होऊ दे."

झुळझुळ सोनेरी चुरा उडाला. रुंजी धावत घरी गेली, तर कोपरा नुसता लखलखत होता! जांभळ्या, निळ्या, केशरी काचेच्या डब्या, सगळ्या एकसारख्या, एका ओळीत. एक सुई इकडची तिकडे नाही. रुंजीने टाळ्या पिटल्या.

आईने हात पुढे केला. एक डबी चाचपली, दुसरी चाचपली. सगळ्या गुळगुळीत, सगळ्या सारख्या. बारक्या मोत्यांच्या जागी टपोरे ओवले गेले, टपोऱ्यांच्या जागी बारके. आईने माळ उसवली, पुन्हा ओवली, पुन्हा चुकली. मग तिने हात मांडीवर ठेवले.

"रुंजे, माझे हातही विसरायला लागले की काय गं?" ती म्हणाली.

रुंजीला काही कळेना. कोपरा इतका छान, मग काम का होत नाही? ती पळत बागेत गेली. लुकलुकीही गोंधळली. "सात रंग लावले की मी. आता काय चुकलं?"

"आईला जे हवं, ते आपोआप तिच्याकडे येऊ दे," रुंजी म्हणाली.

मग जी धांदल उडाली! आईला सुई हवी होती, तर एकूण एक सुया सुळसुळत आल्या. तिला वाटलं घोटभर चहा मिळाला तर बरं, तर चहाचं पातेलं ठणठणत आलं. मोती आले, जर आली, गोंडे आले, लाटणंसुद्धा आलं. आईभोवती ढीगच ढीग झाला. आईने घाबरून हाक मारली, "रुंजी कुठाय? मला माझी रुंजी हवी."

काहीच आलं नाही. जादू माणसांवर चालत नव्हती ना; त्या हाकेशी ती अडली आणि तिथेच विरली. म्हणून रुंजी आपल्या पायांनी आली, ढिगातून वाट काढत, आणि आईला बिलगली. तिला रडू फुटलं. तिने आईला सगळं सांगून टाकलं.

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. "अगं वेडे, चटणीच्या बरणीचा काठ टवकलेला आहे. अंगठा लागला की मला कळतं, बारके मोती. डब्याला पोचा, म्हणजे टपोरे. करवंटी खरखरीत, टोपी मऊ. मला दिसत नाही, पण सापडतं."

रुंजीने मागच्या दारी पाहिलं. जादूने बाहेर लोटलेली बरणी, डबा, करवंटी, टोपी आणि दोडकं तिथेच पडलं होतं. तिने सगळं आत आणलं आणि ढिगातले मोती, जर, गोंडे, सुया पुन्हा ज्याच्या त्याच्यात भरल्या. "बरणी कुठे, आई?" "डाव्या हाताला." "दोडकं?" "गुडघ्यापाशी." एकेक वस्तू तिने आईला विचारून, आईच्या हाताला लागेल तिथे ठेवली. मग आईचे हात सरसर चालू लागले. रुंजी मोती निवडून देई, आई ओवून गाठ मारी.

गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजू लागल्या, तेव्हा गोदूमावशी दारात आल्या. मुंडावळ्या तयार होत्या. मावशींनी त्या हातात घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि खाली बसल्याच. "माझं चुकलं गं. धाकटीच्या लग्नालाही तुझ्याच हातच्या." जाताना त्यांनी लग्नातल्या बुंदीचा डबा रुंजीपुढे ठेवला.

खिडकीत लुकलुकी येऊन बसली. "तिसरी इच्छा राहिली, बाळ. नवा फ्रॉक? चांदीचं घर?"

रुंजीने पुष्कळ विचार केला. आज आवरलं, पण उद्या मीच घाईत बरणी भलतीकडे ठेवली तर?

"वस्तू आपल्या जागी परत ठेवली, की टिण असं वाजू दे," ती म्हणाली. "म्हणजे आईला ऐकू येईल. आणि नाही वाजलं, तर मला कळेल."

लुकलुकी हसली. "हे मला सुचलंच नव्हतं." ती गर्रकन फिरली. गुलाबी, पिवळा, चंदेरी असा झगझगीत उजेड खोलीभर पसरला, आणि परी त्यात विरून गेली.

आईने मान वर केली. तिचा चेहरा बरोबर खिडकीकडे वळला होता.

"रुंजे," ती म्हणाली, "तिथे आत्ता किती सुंदर उजेड होता गं."

मग तिने हातातली सुई दोडक्यात टोचली.

टिण.