सैल झाकणाचा करंडा

भराडखोलच्या देवळात, गाभाऱ्याच्या डाव्या कोनाड्यात, शिवणीच्या लाकडाचा एक करंडा आहे. देवीच्या कुंकवाचा, पण त्याचे झाकण नीट बसत नाही. एक बाजू दाबावी तर दुसरी वर येते. पाहुण्यांचा हात हटकून तिकडे जातो, आणि एखाद्याला तर ‘जरा घासून घ्या, बसेल’ असा सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही. गावात कातारी, म्हणजे लाकूड फिरवून करंडे-खुळखुळे घडवणाऱ्यांची, चाळीस घरे. त्यांना झाकण घासायला शिकवणाऱ्या पाहुण्याला देवळाचे म्हातारे गुरव दाजी आधी खाली बसवतात, गूळपाणी देतात आणि मग सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वी कातारवाडीत म्हणे धाकू नावाचा कातारी होता. त्याच्या करंड्याचे झाकण असे घट्ट बसे की मुंगीलाही आत वाट सापडत नसे. त्या काळी लाकूड फिरवायच्या चरकाला मोटार कुठली? दांड्याला दोरीचे दोन वेढे द्यायचे आणि समोर बसलेल्या माणसाने ती ताक घुसळावे तशी ओढायची. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पुढे फिरताना कातारी पटाशी टेकवी, मागे फिरताना उचली. पटाशी पुरुषाची आणि दोरी त्याच्या बायकोची. बाईने पटाशी धरली तर लोखंड रुसते, अशी वाडीची समजूत. लोखंड रुसते की पुरुष, हे कोणी विचारले नव्हते.

धाकूची दोरी त्याची बायको आनंदी ओढी. वीस वर्षे ओढत होती. तो तिच्याशी वाईट वागे असे मुळीच नाही, पण करंड्याचे कौतुक करणाऱ्याला ‘दोरी हिची’ असे तो कधी म्हणाला नाही. बैलाने नांगर ओढला म्हणून शेताला कोणी बैलाचे नाव देते का, असे त्याला वाटे.

चाळिशी उलटली आणि धाकूच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला. आधी लाखेचे रंग एकमेकांत मिसळले, मग समोर बसलेली आनंदी नुसती सावली झाली. त्याने कोणाला सांगितले नाही. नजर गेलेल्याच्या हातात वाडी पटाशी राहू देत नसे, आणि पटाशीवाचून आपण कोण, हे धाकूला ठाऊक नव्हते. त्याने देवीला नवस केला, की यंदाच्या जत्रेला तुझा नवा करंडा माझ्या घरचा होऊ दे, मग पटाशी तुझ्या पायाशी ठेवीन.

आणि नवल असे की हात चुकेना. करंडा आतून कोरताना त्याची भिंत कागदासारखी होत जाते. केसभर जास्त गेले की फुटलाच. पण धाकूची पटाशी जास्त रुतू लागली की लाकूड आपोआप मंदावे, पुरेसे झाले की थांबे. देवीच आपला हात धरते आहे असे वाटून तो एकटा असताना रडे.

जत्रेला आठ दिवस उरले आणि आनंदी तापाने अंथरुणाला खिळली. दोरीला धाकूचा धाकटा भाऊ नारबा बसला. अंगाने धट्टाकट्टा, मन लावून ओढणारा. तिसऱ्याच ओढीला करंडा फुटला. दुसरे लाकूड चढवले, तेही फुटले. तिसऱ्याने धाकूचा अंगठा फाडला.

“दादा, तुका दिसणा नाय काय?” नारबाने हळूच विचारले.

धाकूने पटाशी खाली ठेवली. देवी कालचीच होती, देऊळही कालचेच होते. बदलला होता तो फक्त दोरीवरचा हात. तो चाचपडत घरात गेला आणि आनंदीच्या उशाशी बसला.

“तुका कधीपासून ठावक?”

“गेल्या शिमग्यापासून. तुमी तांबडी सोडून हिरवी लाख घेतलात तेव्हा.”

“मगे बोललंस कित्याक नाय?”

“तुमी तरी खंय सांगितलात?” ती म्हणाली. “पटाशी रुतली काय दोरी जड लागता. भिंत बारीक झाली काय दोरी हातात गुणगुणता. मगे मी सैल सोडतंय. तुमचो मान ऱ्हवलो, माका तितक्या पुरे.”

वीस वर्षांत धाकूने तिचा तळहात कधी हातात घेतला नव्हता. तो त्याने घेतला. दोरीचे घट्टे त्याच्या पटाशीच्या घट्ट्यांहून जाड होते. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिच्याविषयी इतकी माया वाटली की बराच वेळ त्याला तो हात सोडवेना.

ताप उतरल्यावर धाकूने आनंदीला पटाशीच्या जागी बसवले आणि दोरी स्वतः धरली. वाडी अंगणात जमा झाली. “बाईल माणसान लोखंड धरल्यार देवी कोपतली,” वाडीतला थोरला कातारी म्हणाला. “मगे देवीकच इचारा,” धाकू म्हणाला. देवळात कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर देवीचा होकार. गाऱ्हाणे पुरे होण्याआधीच उजवी पडली, असे सांगतात. बायकांच्या बाबतीत बाईला विचारायला गेले, इथेच पुरुष चुकले, असे दाजी या जागी न चुकता म्हणतात.

आनंदी कातायला बसली. पण धाकूला दोरी कुठे येत होती? तो हिसके देई, लाकूड उडे, ती थांबून पुन्हा पटाशी टेकवी. जत्रेच्या सकाळी करंडा झाला आणि झाकण काही बसेना. धाकूने ते बोटांनी चाचपले. आयुष्यभर झाकणांवर नाव कमावलेला तो माणूस तसाच करंडा घेऊन देवळात गेला, देवीपुढे ठेवला आणि जमलेल्या गावाला ऐकू जाईल असे म्हणाला, “पटाशी हिची. वाकडो झालो तो माझ्या दोरीन.” मग नवसाची पटाशी त्याने देवीच्या पायाशी ठेवली. गुरवाने ती उचलली आणि प्रसाद म्हणून आनंदीच्या ओंजळीत घातली.

आता घरोघरी मोटारी आल्या, दोरी कोणी ओढत नाही. पण आजही कातारवाडीत लग्न लागले की मांडवात जुना चरक आणतात. पटाशी नवरीच्या हातात देतात आणि नवऱ्याचे डोळे उपरण्याने बांधून त्याला दोरीवर बसवतात. करवल्या हसतात, करंड्याचे झाकण बसत नाही. मग नवऱ्याने उठून भरल्या मांडवात सांगायचे, “वाकडो झालो तो माझ्या दोरीन.” त्याशिवाय पंगत बसत नाही. काही नवरे लाजून नुसते पुटपुटतात. तेव्हा म्हाताऱ्या बायका पदर कानामागे सारून म्हणतात, “ऐकूक येणा नाय,” आणि त्याला पुन्हा म्हणायला लावतात.