दिवेलागणीला बंद पडणारे कॅमेरे

"पण ते मधेच बंद का पडतात, हेरंबा?"

सोमगीरबुवांनी विचारलं तेव्हा हेरंब शिडीवर होता. ओठांत स्क्रू, हातात उघडलेला कॅमेरा.

"नुसते बंद नाही पडत, बुवा. बंद पडतात आणि आपोआप परत सुरू होतात."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात... पडदा काळा."

हेरंबानं मान वळवली. परवा संध्याकाळी पडदा असाच काळा झाला होता, आणि तेवढ्यात गोदाक्का मठाबाहेर पडली होती.

गोदाक्कानं सारा जन्म या मठाच्या चुलीपुढे काढला होता. टेकडी चढून आलेला कुणीही तिच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय खाली उतरला नव्हता. आता आपण स्वतः जेवलो की नाही, हेही तिला आठवत नसे. दिवसभर ओसरीवर शांत बसायची. दिवेलागण झाली की मात्र उठायची आणि चालू लागायची. परवा ती ओढ्याच्या उतारावर सापडली. पाय सोललेले, हात गार पडलेले.

हेरंब शहरातली इंजिनिअरची नोकरी सोडून बुवांपाशी आला होता. ध्यानात त्याचं मन फारसं लागत नसे, पण यंत्रं त्याचं ऐकत. फाटक, कोठी, विहीर आणि ओढ्याची वाट अशा सगळीकडे त्यानंच कॅमेरे लावले होते. तारा इतक्या नीट ओढल्या होत्या की पाहणाऱ्यानं वाहवा करावी. "आता अक्काच्या मागे कुणाला फिरायला नको," असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

आणि परवापासून तो धड झोपला नव्हता. रेकॉर्डर बदलून पाहिला. सांधे सोडून पुन्हा जोडले. दुकानदाराला फोन करून करून स्वतःचा आवाज बसला.

"खाली ये," बुवा म्हणाले. "जेवलास का?"

"हे झालं की जेवतो."

"दुपारी बंद पडतात का रे ते?"

हेरंब उत्तर द्यायला गेला आणि थांबला.

"दुपारी... नाही. दुपारी कधीच नाही."

"मला यातलं काही कळत नाही," बुवा म्हणाले. "पण तू सदान्‌कदा पडद्याकडे बघतोस. कॅमेऱ्याकडे कधी बघितलंस?"

दिवस कलला तसे दोघं ओढ्याच्या वाटेवरच्या खांबाखाली दगडावर जाऊन बसले. बुवांनी येताना फडक्यात भाकरी बांधून आणली होती. ती त्यांनी हेरंबाच्या मांडीवर ठेवली. तो वर बघत बघतच खाऊ लागला.

उजेड विझत गेला. कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती बारीक लाल ठिपके उमटले. टक्‌ असा आवाज झाला आणि ठिपके गेले. थोड्या वेळानं पुन्हा उमटले. पुन्हा टक्‌.

हेरंबाचा घास हातातच राहिला.

"दिवे...! बुवा, याचे अंधारातले दिवे! ते लागले की हा जास्त वीज ओढतो."

त्यानं पिशवीतून मीटर काढला आणि तारेच्या टोकाला लावला. ठिपके विझलेले होते तोवर आकडा ठीक होता. ते उमटले आणि आकडा घसरला.

"सगळे कॅमेरे मी एकाच अ‍ॅडॉप्टरवर टाकले. नीटनेटकं दिसावं म्हणून. त्यात ही एवढी लांब, बारीक तार. इथवर पुरेशी वीज पोचतच नाही. दिवसा कसंबसं निभतं, पण अंधार पडला की..." तो जरासा हसला. "अंधारात बघायला जातो आणि बघायच्या खटपटीतच बंद पडतो."

बुवांनी हेरंबाच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात किती वेळ तिथे होता, ते हेरंबाला कळलं नाही. डोळे मात्र भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्यानं लांबच्या कॅमेऱ्यांना जवळूनच वेगळी वीज दिली आणि जाड तार ओढली. संध्याकाळी तो बुवांना हाताला धरून कोठीच्या खोलीत घेऊन आला. पडद्यावर सारा मठ दिसत होता. बाहेर अंधारलं तरी चित्र हललं नाही.

"बघा, बुवा! एकही बंद नाही. पाचोळा हलला तरी दिसेल."

"छान झालं," बुवा म्हणाले. ते मनापासून म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावर गोदाक्का दिसली. पदर खोचून ती फाटकातून बाहेर पडत होती.

"दिसली!" हेरंब ओरडला. "आता ती कुठे वळते, सगळं इथे बसून कळेल."

त्यानं मागे पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं बुवा पडद्यावर आले. ते अक्काला अडवतील, परत आणतील, असं हेरंबाला वाटलं. पण ते तिच्या बाजूनं चालू लागले. अक्का हातवारे करून काही सांगत होती, बुवा मान डोलवत होते. पुढे ते करवंदीच्या जाळीपाशी वाकले आणि उजवी मूठ आवळून उभे राहिले. मग दोघं माघारी फिरले, अगदी धीम्या पावलांनी. बुवांची मूठ तशीच पुढे धरलेली.

हेरंबानं चित्र मोठं करून पाहिलं. मुठीत काही नव्हतं. चित्र स्वच्छ होतं... आणि मुठीत काहीच नव्हतं.

तो उठला आणि पळत फाटकापाशी गेला.

अक्काचा चेहरा फुलला होता. इतकी आनंदी ती त्याला कधी दिसली नव्हती.

"बाळा, कपिला सापडली रे! रोज हाका मारते, रोज शोधते. आज बुवांना दिसली, दावं धरून आणली त्यांनी. कशी जाळीत शिरून बसली होती बघ."

मठात गाय नव्हती. असलीच तर हेरंब येण्याच्या कितीतरी आधी.

"बुवा," तो हळूच म्हणाला, "तिथे तर काहीच..."

बुवांनी त्याच्याकडे बघितलं.

अक्का अंधारात हात पुढे करून कुणाचीतरी मान कुरवाळत होती. तिचे पाय थरथरत होते. हेरंबानं आपली शाल काढली आणि तिच्या खांद्यांवर घातली. मग काय करावं ते न सुचून तो तसाच उभा राहिला.

बुवांनी आपली आवळलेली मूठ त्याच्यापुढे धरली. हेरंबानं हात पुढे केला. बुवांनी त्याच्या तळव्यावर मूठ सोडली आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"सावकाश ने," ते म्हणाले. "म्हातारी झालीय ती."