चांगुणाची पाच नाणी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे इतके भराभर बदलायचे, की आज बाजारात चालणारं नाणं उद्या कुणी हातातही घेत नसे.

अशा काळी खाडीकाठच्या एका गावात चांगुणा नावाची मुलगी राहायची. तिचा मामा होडीतून उतारूंना पैलतीरी सोडायचा. परगावचे उतारू त्याच्या हातावर कसलीही जुनी नाणी ठेवायचे आणि चालते व्हायचे. एके दिवशी मामानं अशी पाच नाणी भाचीच्या ओंजळीत ओतली.

"यांना बाजारात कुणी विचारत नाही. तू विचार."

"काय विचारू?"

"कुठून आलंस? तुझा राजा कोण? नाणं सगळं सांगतं गं, फक्त नीट बघायचं."

मामानं फणसाच्या लाकडाची पेटी केली, तिला खण पाडले, त्यात सावरीचा कापूस घातला. नाणं कडेनं धरायला शिकवलं. एकावर हत्ती निघाला, एकावर ताडाचं झाड. पाचवं मात्र हिरवट, खडबडीत होतं. "यावरही काहीतरी आहे," मामा म्हणाला, "पण मला अजून उलगडत नाही." चांगुणाला तर जेवण सुचेना. ती पेटी उशाशी घेऊन झोपायची आणि बघायला कुणी नसलं तर कोंबड्यांना हत्ती दाखवायची!

तेवढ्यात गावात दवंडी पिटली. जत्रेला राणीसाहेब येणार! त्यांना नाण्यांचं भारी वेड. जे मूल त्यांना कधी न पाहिलेलं नाणं दाखवील, त्याला त्यांच्या गलबतातून बेटांची सफर!

चांगुणा हरखून गेली. खाडीच्या तोंडाशी उभं राहून तिनं कितीतरी शिडं दूर जाताना पाहिली होती. मामाची होडी तिथूनच मागे वळायची. तिला त्याच्या पुढे जायचं होतं.

जत्रेच्या सकाळी मामा होडीवर होता. चांगुणानं पेटी उघडली आणि तिचं तोंडच उतरलं. इतकी काळवंडलेली नाणी राणीसाहेबांना दाखवायची? घरातली तांब्याची भांडी लख्ख कशी होतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं चिंच घेतली, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि जीव खाऊन घासायला बसली. चार नाणी चमचम करू लागली. पाचव्याला हात घालणार, तोच आई आली.

"अगं कार्टे, कालवणाला चिंच ठेवशील की नाही?" आणि आईनं चिंचेचा गोळाच उचलून नेला.

जत्रेत राणीसाहेबांपुढे चांगुणानं ऐटीत पेटी उघडली. मामाही धावत आला होता. नाणी बघताच त्याचा चेहरा पडला.

"हे कुठलं गं?" राणीनं पहिलं नाणं उचलून विचारलं.

चांगुणानं वाकून पाहिलं. नाणं आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. "काल इथे हत्ती होता, राणीसाहेब."

"आणि आज?"

"आज... मी तो घासला."

लोक खो खो हसले. चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. गलबत आता गेलंच, असं तिला वाटलं. राणी मात्र हसली नाही. तिचं लक्ष शेवटच्या खणाकडे गेलं होतं.

"ते नका बघू. फार घाणेरडं आहे," चांगुणा पुटपुटली.

राणीनं ते कडेनं धरलं, उन्हाकडे हळूच कलतं केलं आणि ताडकन उठून उभी राहिली. "अगं, मासे! दोन मासे, आणि मध्ये होडी! हे मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही!"

मग काय विचारता! चांगुणानं उडीच मारली आणि मामा भर जत्रेत नाचला. गलबत खाडीचं तोंड ओलांडून गेलं, तेव्हा ती सगळ्यात पुढे उभी होती. बेटाबेटावर उतरून ती एकच मागणं मागायची, "न चालणारं नाणं आहे का? असेल तसंच द्या, पुसू नका!"

पेटी भरली, मग दुसरीही भरली. ती चार चकचकीत नाणी मात्र तिनं पहिल्याच ओळीत ठेवली. गावातली पोरं विचारायची, "यांच्यावर काय आहे गं?"

"एकावर हत्ती होता," ती सांगायची. "पण आता तो कुणालाच दाखवता येत नाही."

म्हणून लहानथोरहो, लक्षात ठेवा: जुन्या वस्तूला चमकवण्याच्या नादात तिची ओळख पुसू नये.