मागच्या चाकाचा आवाज

"…मग माझा कानच गेला, असं समजू का वस्ताद?"

शामुवेल मिस्त्रींनी तळहात कानामागं धरला.

"काय?"

भानुदासनं प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं. दुसऱ्यांदा विचारताना तो प्रश्न त्याचा त्यालाच केविलवाणा वाटला.

राहुरीच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला, शामुवेल मिस्त्रींचं गॅरेज होतं. गुडघे गेल्यापासून ते फारसं काम करत नसत. उभं आयुष्य हातोड्याच्या आवाजात गेलं, त्यामुळं ऐकूही कमी यायचं. समोरच्याच्या ओठांकडं बघत ते बोलणं ओळखत.

भानुदास लोखंडे त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. आता श्रीरामपुरात त्याचं मोठं गॅरेज होतं. गाडी फाटकातून आत येतायेताच तो तिचं दुखणं सांगायचा, बोनेट न उघडता. लोक त्याच्या कानाचं नाव काढत. तोही काढू देत असे.

आज मात्र तो स्वतःचीच गाडी घेऊन आला होता. जुनी, पांढरी, वडिलांनी घेतलेली.

"कसला आवाज?" वस्तादांनी विचारलं.

"घरघर. वेग घेतला की वाढते. चाकाचं बेअरिंग आहे, त्यात वाद नाही. पुढचं डावं बदललं. आवाज तसाच. वाटलं माल खराब असेल, म्हणून पुन्हा बदललं…"

"आणि?"

"तसाच."

वस्ताद गाडीकडं बघत राहिले.

पुढच्या सीटवर भानुदासची आई, सगुणाबाई, मान कलती टाकून बसल्या होत्या. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांना नगरच्या दवाखान्यात न्यावं-आणावं लागे. आता तिथूनच परत चालले होते. मागं भानुदासची बायको, कालिंदी. तिच्या मांडीवर पाण्याची बाटली, नॅपकिन, औषधांची पिशवी.

"आईला तो आवाज सोसत नाही," भानुदास म्हणाला. "सगळी वाट कण्हते. दिवसभर लोकांच्या गाड्या ऐका, घरी आलं की आईचं ऐका, आणि गाडीत बसलं की हे… वस्ताद, मी गॅरेज देऊन टाकणार आहे कुणाला तरी. ज्याचा कान गेला, त्यानं कशाला बसायचं तिथं?"

"मला ऐकू येत नाही. मी अजून बसतो."

भानुदास गाडीच्या दाराला टेकला.

"म्हातारीला खाटेवर घ्या," वस्ताद म्हणाले. "आपण एक चक्कर मारून येऊ."

दोघांनी मिळून सगुणाबाईंना लिंबाखालच्या खाटेवर निजवलं. खांद्याकडून भानुदासनं धरलं. बाकी सगळं कालिंदीनं केलं. कमरेखाली हात घालून उचलणं, पाय सरळ करणं, लुगडं सारखं करणं, तोंड पुसणं.

वस्ताद पुढं बसले नाहीत. मागचं दार उघडून, चालकाच्या पाठीमागच्या जागेवर, कालिंदी बसत असे तिथं बसले. चप्पल काढली. अनवाणी पाय गाडीच्या तळाला टेकवला.

"तिथून काय ऐकू येणार, वस्ताद?"

"इथूनच काय, मला कुठूनच येणार नाही. चालव."

कालव्याचा रस्ता सरळ होता. घरघर सुरू झाली. भानुदासनं डावीकडं बोट दाखवलं. आरशात वस्ताद डोळे मिटून बसलेले दिसले.

पुढं डावीकडं वळण आलं. भानुदासनं सवयीनं वेग कमी केला.

"कशाला?"

"वळणावर आईला हिसका बसतो. म्हणून मी…" भानुदास मोठ्यानं म्हणाला.

"आई खाटेवर आहे."

भानुदासनं गाडी परत फिरवली, मागं नेली आणि तेच वळण वेगात घेतलं.

घरघर एकदम चढली. दळणाच्या चक्कीत मूठभर खडे पडावेत तशी. वळण संपलं, तशी पुन्हा उतरली.

भानुदास गाडी कडेला घेऊन मागं वळला.

डावीकडं वळताना गाडीचं ओझं उजव्या चाकांवर जातं. ओझं पडलं की झिजलेलं बेअरिंग ओरडतं. हे भानुदास गॅरेजमधल्या मुलांना पहिल्याच महिन्यात शिकवायचा. फळ्यावर काढून.

"उजवं," तो म्हणाला.

वस्तादांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि खाली, स्वतःच्या पायाकडं बोट दाखवलं.

"मागचं उजवं."

अंगणात येऊन भानुदासनं जॅक लावून गाडीची मागची बाजू उचलली. उजवं चाक हातानं फिरवलं. कान जवळ नेला. हवेत फिरणारं चाक जवळजवळ गप्प होतं.

वस्तादांनी त्याचा हात धरून आतल्या स्प्रिंगवर ठेवला आणि चाक स्वतः फिरवलं.

भानुदासच्या बोटांना किरकिर लागली. वाळूतून दोरी ओढल्यासारखी… त्यानं हात काढला नाही. चाक थांबल्यावरही काढला नाही.

"डावं कोण म्हणालं?" वस्तादांनी विचारलं.

"आई. माझ्या पायापाशी वाजतं, म्हणाली. पहिल्या दिवसापासून तेच म्हणते."

"आणि मागं बसते ती?"

"ती काही म्हणाली नाही."

खाटेच्या कडेला कालिंदी सासूचे पाय चेपत बसली होती. हात चालू होते, पण मान मधूनच खाली जात होती.

"मुली," वस्तादांनी हाक मारली. "तुला लागत होतं का काही पायाला?"

ती दचकून सावरली. पदर सारखा करत म्हणाली, "लागायचं की बाबा. मुंग्या यायच्या तळपायाला. श्रीरामपूर येईस्तोवर."

"मग बोलली का नाहीस?" भानुदासनं विचारलं.

"तुम्हाला गाडीतलं कळतं. मला काय कळतंय." ती थोडं थांबली. "आणि तुम्ही आधीच दमलेले असता."

 वस्तादांची स्कूटर घेऊन तो राहुरीला गेला आणि नवं बेअरिंग घेऊन आला.

मधल्या वेळात सगुणाबाई जाग्या झाल्या. पाणी हवं होतं. मग ऊन लागत होतं. मग भानू कुठं गेला ते हवं होतं. प्रत्येक हाकेला कालिंदी उठली. एकदा ती उठली आणि आपण कशासाठी उठलो तेच आठवेना, म्हणून खाटेच्या कडेला तशीच उभी राहिली. वस्तादांनी माठातलं पाणी भरून आणून दिलं.

परत आल्यावर भानुदासनं चाक काढलं. त्यामागचा ड्रम ओढून काढला. जुनं ग्रीस काळं पडून वाळलं होतं. बेअरिंगच्या आतल्या कड्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते. त्यानं कडं वस्तादांना दाखवलं. वस्तादांनी अंगठा फिरवला आणि परत दिलं.

बेअरिंगचं बाहेरचं कडं मात्र ड्रममध्ये गंजानं धरून बसलं होतं. भानुदासनं पितळी दांडा लावला आणि हातोडा घातला. कडं हललं नाही. त्यानं आणखी जोरात घातला. मग आणखी. घामानं डोळे चुरचुरले, तरी तो थांबेना. ते नुसतं कडं काढणं राहिलं नव्हतं.

वस्तादांनी हातोडा धरला.

"एकाच जागी का मारतोस? ते तिरकं होऊन बसलंय. या बाजूनं थोडं… त्या बाजूनं थोडं…"

"मला ठाऊक आहे वस्ताद."

"तुला सगळं ठाऊक आहे. मी कुठं नाही म्हणतो?"

भानुदास दोन्ही बाजूंनी हलके ठोके देत गेला. कडं सरकत सरकत खाली पडलं.

त्यानं जागा पुसून काढली. नवं कडं बसवलं. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगच्या फटीफटीत भरलं. ड्रम चढवला, नट लावला आणि पान्यानं जोर लावून आवळला.

वस्तादांनी ड्रम फिरवून पाहिला. जड फिरत होता.

"सोड."

"ढिलं राहील."

"सोड थोडं."

भानुदासनं नट किंचित मागं घेतला.

"अजून."

आता ड्रम बोटानं ढकलला तरी फिरत होता. भानुदासनं तो धरून हलवून पाहिला. हलत नव्हता. त्यानं पिन घातली, टोकं वळवली आणि चाक चढवलं.

या वेळी वळणावर तो एकटाच जाऊन आला. आल्यावर गाडी बंद करून जरा वेळ आतच बसून राहिला. मग उतरला.

"गेला आवाज."

वस्तादांनी त्याच्या ओठांकडं बघून मान हलवली.

"डाव्या बाजूचं चांगलं बेअरिंग काढून फेकलं मी, वस्ताद. मग त्याच्या जागी बसवलेलं नवंही फेकलं. दोन्ही वेळा हातात धरून फिरवून बघितलं होतं. लोण्यासारखं फिरत होतं. तरी फेकलं…"

वस्तादांनी फडकं उचललं. फडक्याचं एक टोक त्याला दिलं. दुसऱ्या टोकाला स्वतःचे हात पुसले.

ऊन उतरायला लागलं होतं. सगुणाबाईंना उचलून पुन्हा पुढच्या सीटवर बसवलं. गाडी सुरू होऊन फाटकापर्यंत गेली, तेव्हा त्या थोडा वेळ कान देऊन राहिल्या.

"अजून वाजतंय रे भानू. माझ्या पायापाशी."

गाडीत इंजिनाखेरीज कसलाही आवाज नव्हता.

भानुदासनं फाटकातच गाडी थांबवली. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो समोर बघत राहिला. त्याला रागही आला नाही. तेवढी ताकद नव्हती.

"नाही वाजत, आई."

"वाजतंय. तुला ऐकू येत नाही."

वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवत फाटकापर्यंत चालत आले होते. ते मागच्या खिडकीशी उभे राहिले.

कालिंदी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती समोरच्या सीटच्या पाठीशी बोलल्यासारखं बोलली. इतक्या बारीक आवाजात, की सगुणाबाईंपर्यंत काही गेलं नाही.

"अहो… मी सोनईला जाऊ का, चार दिवस?"

"सोनईला? माहेरी काही आहे का?"

"नाही. काही नाही."

"मग?"

"झोपायचंय मला."

भानुदास मागं वळला. कालिंदीच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. ते कधीपासूनचं, ते त्याला सांगता आलं नसतं. आताही ती त्याच्याकडं बघत नव्हती. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"जा की," तो म्हणाला. मग त्याची नजर पुढच्या सीटकडं गेली. "पण… आईचं?"

कालिंदीनं बंद गुंडाळायचा थांबवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पुढं बघू कधीतरी."

भानुदासनं आरशात पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. वस्ताद अजून कालिंदीच्या ओठांकडंच बघत होते.

"वस्ताद," त्यानं मोठ्यानं विचारलं, "तुम्हीच सांगा. हिला माहेरी कसं सोडू मी?"

शामुवेल मिस्त्रींनी गाडीच्या टपावर हात टेकवला. दम खाल्ला.

"आधी जॅक लाव, भानू… ओझं त्याच्यावर आलं, की मग चाक सुटतं."