अक्कांचे पान आधी

डोंगरापलीकडच्या मठात एकदा कापडाचा एक व्यापारी आला आणि वृद्ध आचार्यांच्या पायांशी बसून रडला. त्याची थोरली बहीण पन्नाशी ओलांडून गेली होती. आई गेल्यावर या अक्कांनीच त्याला वाढवले होते. पाळी थांबल्यापासून त्यांचे गुडघे दुखत, कंबर धरत असे. मागच्या वर्षी अंगणात नुसता पाय घसरला, तर मनगट मोडले.

"तेव्हापासून मी तिला काडीही उचलू देत नाही," व्यापारी म्हणाला. "तरी ती वाळतच चालली आहे. ती गेली तर मला कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी आचार्य एका शिष्याला घेऊन त्याच्या घरी जेवायला गेले. पाने वाढली गेली. आचार्यांनी अन्नाला हात लावला नाही.

"अक्का कधी जेवतात?"

"सगळ्यांचे झाल्यावर," व्यापाऱ्याची बायको म्हणाली. "त्यांना भांड्याला लागलेली खरवड आवडते."

"आवडते?"

अक्का भावाकडे पाहून हसल्या. "लहानपणी हा सगळा भात संपवायचा. उरायची ती खरवड. मग आवडून घेतली."

व्यापाऱ्याने मान खाली घातली. आचार्यांनी आपले पान अक्कांपुढे सरकवले. नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, वरण, वाटीभर दही. घरातली माणसे अवघडली; अक्का मात्र पोटभर जेवल्या.

मग त्या पाटावरून उठू लागल्या. भाऊ सवयीने हात द्यायला धावला. आचार्यांनी त्याचा हात धरून ठेवला. अक्का अर्ध्यावर उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या.

शिष्याला राहवेना. "गुरुजी, हे निष्ठुरपण आहे."

आचार्य अक्कांच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. अखेर दोन्ही तळवे मांड्यांवर रोवून अक्का उभ्या राहिल्या. कपाळ घामेजले होते.

"मला वाटलं, घरातल्यांनी मला देव्हाऱ्यातच बसवलंय," त्या म्हणाल्या. "फक्त आरती करायची राहिली होती."

तेव्हा आचार्य व्यापाऱ्याकडे वळले. "पाळी असते तोवर शरीर हाडांची राखण आतून करते. ती थांबली की राखण सैल पडते. मग आधार उरतो तो कसदार अन्नाचा आणि अंगावर रोज पडणाऱ्या बेताच्या भाराचा. भारच मिळाला नाही तर हाडे आणि स्नायू झिजू लागतात. तुझ्या घरात अक्कांना अन्न शेवटी मिळाले आणि काम मुळीच मिळाले नाही. तुझे प्रेम खोटे नव्हते, बाळा. ते त्यांच्या अंगी लागले नाही, इतकेच."

"आणि ती पुन्हा पडली तर?"

"म्हणून जवळ राहायचे. पडेल म्हणून बसवून ठेवायचे नाही."

हिवाळ्यात शिष्य त्या गावावरून जात होता. गावामागच्या टेकडीच्या पायऱ्या अक्का सावकाश चढत होत्या. भाऊ एक पायरी मागे होता.

"हात देत नाही का?" शिष्याने विचारले.

"मागितला की देतो," व्यापारी म्हणाला. "आज अजून मागितला नाही."

"गप्पा मारत राहिलास तर मागे पडशील," वरून अक्का म्हणाल्या, आणि पुढची पायरी चढल्या.

आपल्या घरात जी सर्वांच्या शेवटी जेवते, तिला आज आपल्याबरोबर जेवायला बसवावे. आणि ती उठू लागली की, हात पुढे करण्याआधी क्षणभर थांबावे.