कृत्रिम हात आणि हजारो ओळखी

"मग इतकी माणसं जोडूनही मला एक माणूस का सापडत नाही, भन्ते?"

विहाराच्या ओट्यावर टेकायच्या आधीच अन्विता वाघमारेनं विचारून टाकलं. ती लहान मुलांसाठी कृत्रिम हात बनवायची. हात झकास जमला होता, पण तो मुलांपर्यंत नेणारं कुणी भेटत नव्हतं.

भन्ते सुमेध झाडांना पाणी घालत होते. "कुठे जोडलीस माणसं?"

"नेटवर! डॉक्टर, इंजिनिअर, मोठमोठे अधिकारी... हजारो ओळखी! माझा हात किती भारी आहे, ते सगळ्यांना कळवलं."

"मग?"

"'आवडलं' म्हणून अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे होतात. पुढे सामसूम."

"आणि ते काय विचारतात?"

"ते?..." अन्विता अडखळली. "वाचायला वेळ कुठे असतो, भन्ते."

भन्तेंनी तांब्या खाली ठेवला. तिच्या फोनकडे बोट केलं. "वाच."

ती नाराजीनंच वाचू लागली. सोलापूरच्या डॉक्टर जुबेदा मुलाणींपाशी तिचं बोट थबकलं. त्यांनी लिहिलं होतं, 'मुलं कृत्रिम हात थोड्याच दिवसांत काढून का ठेवतात? कुणाला ठाऊक आहे?'

खाली एकही उत्तर नव्हतं.

अन्वितानं तो प्रश्न पुन्हा वाचला. तिनं बनवलेला हात मिळालेल्या पहिल्याच मुलीनं तो कपाटात टाकून दिला होता. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं...

"लिहू?"

भन्तेंनी तांब्या उचलला आणि पुढच्या झाडाला पाणी घातलं.

तिनं आपला नंबर देऊन लिहिलं, 'मी बनवलेल्या हाताचंही तेच झालं. का, ते मलाही कळलेलं नाही.'

फोन खिशात ठेवतेय तोच वाजला!

"अहो, खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच!" पलीकडून जुबेदा म्हणाल्या.

मग काय! घाम, वजन, शाळेतली चिडवाचिडवी... दोघी एकमेकींना बोलूच देईनात. अन्विता ओट्यावर येरझाऱ्या घालत होती, हसत होती, मधेच डोळे पुसत होती.

फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा फुलला होता.

"भन्ते, त्यांनी सोलापूरला बोलावलंय! मुलांना भेटायला! म्हणाल्या, आपण दोघी मिळून नवा हात करू!" तिला धाप लागली होती. "पण मी तर त्यांना काहीच दिलं नाही. माझ्याकडून त्यांना मिळालं तरी काय?"

भन्ते हसले.

"तुझ्याकडे उत्तर नव्हतं. तेच तू दिलंस."