वंजुल व्याधाने मागितलेला वर

पर्वत नुकतेच स्थिरावले होते, नद्यांना आपले मार्ग पुरते सापडले नव्हते आणि मनुष्याच्या हाकेला देव अजून प्रत्यक्ष ओ देत असत, अशा त्या कृतयुगाच्या उत्तरार्धात विंध्याच्या दक्षिण उतारावर शीतोदा नदीच्या काठाने मंदवन नावाचे विस्तीर्ण अरण्य पसरलेले होते. साल, अर्जुन, मोह आणि तेंदू यांच्या राईंनी ते इतके निबिड झाले होते, की मध्यान्हीचे सूर्यकिरणही तेथे पानापानांतून झिरपून भूमीवर उतरत. त्या अरण्यात चितळांचे कळप होते, सांबरे होती, लाजरी भेकरे होती. आणि या साऱ्यांना त्यांच्या पावलांवरून, त्यांनी खुडलेल्या पानांवरून आणि त्यांनी अंग घासलेल्या बुंध्यांवरून ओळखणारा वंजुल नावाचा एक व्याध होता.

वंजुलाने चौदाव्या वर्षी पित्याच्या हातून धनुष्य घेतले, त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षे लोटली होती. पित्याने त्याला नेम धरायला शिकवण्याआधी वारा ओळखायला शिकवले. पिता म्हणाला होता, "हरिणाच्या डोळ्याला फसवता येते, कानालाही एखादे वेळी फसवता येते; नाकाला नाही. म्हणून पाऊल टाकण्याआधी वारा पाहा. आणि वारा अगदीच पडला, तर धनुष्य उतरव. वारा हे हरिणाचे कवच आहे. कवच नसलेल्यावर बाण टाकू नये." तेव्हापासून वंजुल कमरेला एका लहानशा भोपळ्यात चुलीतली राख बाळगी. दहा पावले चालला की चिमूटभर राख सोडून ती कोणीकडे वाहते ते पाही, आणि ओठांतल्या ओठांत वायुदेवाला वंदन करी. दुसरा कोणताही देव तो नित्यनेमाने पूजत नव्हता.

पाडसाची आई त्याने कधी मारली नाही, पाण्याला तोंड लावलेल्या जनावरावर प्रत्यंचा ओढली नाही. वर्षाकाठी चार, फार तर पाच हरिणे तो घरी आणी. बाकीचे दिवस तो पहाटे निघे आणि उन्हे चढल्यावर रिकाम्या हातांनी परते. त्याची पत्नी गुंजा दारात विचारी, "आज काय आणलेत?"

"आज पाहून आलो," असे म्हणून तो ओटीवर बसे आणि सांगू लागे: दोन नर शिंगांत शिंगे अडकवून अर्धा प्रहर कसे रेटत होते, एका हरिणीने पाडसाला गवतात निश्चल पडून राहायला कसे शिकवले. गुंजा कंद भाजता भाजता ऐके. भाजलेले कंद आणि ऐकलेली हकीकत एवढ्यावर दोघांचे जेवण होई, आणि त्या जेवणात उणे काही राहिले असे त्यांना वाटत नसे.

नदीच्या पैलतीरावर मौंजायन मुनींचा आश्रम होता. तेथे होमधूमाने काळवंडलेल्या वृक्षांखाली हरिणे निर्भयपणे रवंथ करीत, आणि आश्रमाचा शंख जेथवर ऐकू येई तेथवर वंजुल बाण भात्याबाहेर काढीत नसे. तरीही तीस वर्षे मुनी त्याला भेटल्याबरोबर म्हणत, "वंजुला, ही हिंसा सोड." तीस वर्षे वंजुल नम्रपणे उत्तर देई, "मुनिवर, सोडली तर खाऊ काय, आणि पाहू काय?" मग दोघे शिळेवर बसून कोणत्या पाणवठ्यावर यंदा पाणी टिकेल याची चर्चा करीत. त्यांचा वाद जुना होता, आणि स्नेहही तितकाच जुना होता.

एका फाल्गुनात माल्यवती नगरीचा राजा भद्रायुध सैन्यासह अरण्याच्या सीमेवर येऊन उतरला. तो शूर होता, प्रजेचा प्रतिपाळही नीट करी. परंतु मनात आलेली गोष्ट पुरी होईपर्यंत त्याला अन्न गोड लागत नसे. त्या वर्षी त्याच्या मनात आले होते ते शृंगासन. एक हजार आठ शिंगे एकमेकांत गुंफून घडवलेले सिंहासन आपल्या सभेत असावे, असे त्याने योजले होते. त्या युगात हरिणाला शिंगे एकदाच फुटत आणि ती मरेपर्यंत त्याच्या मस्तकावर राहत. शिंग हवे तर हरिणाचा प्राण घ्यावा लागे. दुसरा मार्ग नव्हता.

राजाने वंजुलाला बोलावून घेतले. तो म्हणाला, "हे व्याधा, या वनाची वाट न् वाट तुला ठाऊक आहे असे ऐकतो. नर कोठे राहतात ते माझ्या सेनापतीला दाखव. आम्ही चहूकडून हाका घालून, आरडाओरडा करीत त्यांना कोंडीत धरू."

वंजुलाने हात जोडले. "महाराज, एक हजार आठ शिंगे म्हणजे पाचशे चार नर. मंदवनात यंदा पाचशे अकरा आहेत."

"तू मोजले आहेस?"

"दर वर्षी मोजतो."

"मग सात उरतात," राजा म्हणाला. "बीजाला सात पुरे."

वंजुलाने पुन्हा हात जोडले. मग तो म्हणाला, "महाराज, या अरण्यात एक सांबर आहे. त्याची शिंगे माझ्या पसरलेल्या दोन्ही हातांच्या वावेत मावणार नाहीत. एकवीस अग्रे मी स्वतः पाहिली आहेत. तशी जोडी कोणत्याही राजाच्या सभेत नाही. ती मी आणून दिली, तर आपण हाका रद्द कराल का?"

भद्रायुधाचे डोळे चमकले. "चौदा दिवसांत आणलीस, तर रद्द करीन. हे माझे वचन. न आणलीस, तर पंधराव्या दिवशी सैन्य आत शिरेल."

वंजुल थेट आश्रमात गेला. वृत्तांत ऐकताच मौंजायन मुनींचे नेत्र आरक्त झाले. त्यांनी कमंडलूतले उदक ओंजळीत घेतले. "त्या मदांधाला मी शाप देतो. त्याच्या आसनाखालची भूमी दुभंगेल."

"मुनिवर, हात आवरा," वंजुल म्हणाला. "हा राजा गेला, तर पुत्र येईल. त्यालाही शिंगे आवडतील. आपण किती जणांना शाप देणार?"

मुनींनी ओंजळ हळूच तुळशीच्या मुळाशी रिती केली. "तीस वर्षे मी तुला धनुष्य ठेव म्हणत आलो," ते म्हणाले, "आणि आज तू एकाला मारून पाचशे वाचवायला निघालास, तर जा असेही म्हणवत नाही, जाऊ नको असेही म्हणवत नाही."

"मलाही तसेच झाले आहे," वंजुल म्हणाला.

तो विशाल सांबर त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. अकरा शरद ऋतू तो त्याच्या मागावर होता. उत्तरेकडच्या वातद्वार नावाच्या खिंडीत, जेथे वारा अहोरात्र वाहतो, तेथे तो राही. प्रत्येक वेळी ऐन क्षणी वारा फिरे, आणि सांबर शेपटी उभारून, पाय आपटून, खडकांआड नाहीसा होई. वंजुलाला त्याचा राग कधी आला नव्हता. उलट तो निसटला की त्याला आतून बरेच वाटे, आणि ते त्याने गुंजेलाही सांगितले होते.

बारा दिवस त्याने खिंड पालथी घातली. तेराव्या दिवशी उषःकाली अर्जुनाच्या झाडाआडून त्याने पाहिले, तो समोर वीस पावलांवर सांबर उभा होता. धुक्यातून त्याची शिंगे पर्णहीन वृक्षासारखी वर गेली होती, मानेची आयाळ दवाने भिजली होती, आणि त्याची बरगडी वंजुलाकडे पूर्ण उघडी होती. वंजुलाने सवयीने राख सोडली. ती सरळ खाली पडली.

त्याने पुन्हा सोडली. पुन्हा ती त्याच्या पावलावर पडली. वातद्वारात वारा पडला होता. अठ्ठेचाळीस वर्षांत असे कधी घडले नव्हते.

तरी त्याने बाण जोडला, प्रत्यंचा कानापर्यंत ओढली. पाचशे नरांचे प्राण त्या एका बाणाच्या टोकावर होते आणि उद्याचा दिवस अखेरचा होता. त्याने धनुष्य खाली केले.

तो वाऱ्याची वाट पाहत उभा राहिला. सूर्य डोंगराच्या कडेवर आला. सांबराने एक फांदी खुडली, सावकाश चावली. आपण मूर्खपणा करतो आहोत, हे जनावर आता जाईल आणि सारा कळप आपल्या एका नियमापायी मरेल, हे वंजुलाला स्पष्ट दिसत होते. तरी हात वर जाईना. मग मानेमागे त्याला गारवा लागला. वारा सुटला होता, आणि तो नेमका त्याच्या पाठीकडून सांबराकडे वाहत होता.

सांबराने मस्तक उचलले. नाकपुड्या फुलल्या. त्याने वंजुलाकडे रोखून पाहिले, आणि तो जागचा हलला नाही.

"तुला कळले आहे," वंजुल हलकेच म्हणाला. "आता तुझे कवच तुझ्यापाशी आहे." त्याने प्रत्यंचा ओढली आणि बाण सोडला.

बाण अर्ध्या वाटेत मंदावला. वाळके पान डोहावर तरंगावे तसा तो हवेत तरंगला, वळला, आणि येऊन वंजुलाच्या पायाशी अलगद पडला. सारी खिंड घुमू लागली. आणि सांबराच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला, धूम्रवर्ण, ज्याचे उत्तरीय कधीच स्थिर राहत नाही असा भगवान वायू वंजुलाला दिसला. तो विशाल सांबर म्हणजे वायुदेवाचे वाहन होते.

वंजुलाने साष्टांग प्रणाम केला.

"ऊठ, व्याधा," वायू म्हणाला. "तुझी गरज मला ठाऊक होती, म्हणून मी श्वास रोखून धरला. शेकडो धनुर्धर माझ्या थांबण्याची वाट पाहतात. मी पुन्हा वाहू लागावे म्हणून थांबलेला तू पहिलाच. मी प्रसन्न आहे. मात्र तू माझ्या वाहनावर बाण सोडलास, याचाही विसर पडणार नाही. आजपासून व्याधांना डोंगरात वारा फार वेळ एका दिशेचा लाभणार नाही."

"तो मला पूर्वीही फारसा लाभत नव्हता, देवा," वंजुल म्हणाला.

वायू हसला, तेव्हा खिंडीतली सारी पाने सळसळली. "आता वर माग. अमोघ बाण माग, यौवन माग, स्वर्ग माग."

वंजुलाने हात जोडले. "देवा, राजाला हरिण नको आहे, शिंग हवे आहे. आणि शिंग प्राणाला जोडलेले आहे. ते तेवढे सोडवा. शिंगे आपोआप गळू द्या."

"शिंगावाचून नर झुंजेल कशाने?"

"ते झुंजतात माजाच्या दिवसांत. वर्षातले दोन महिने, फार तर अडीच. मी पाहत आलो आहे. उरलेले दिवस नुसते ओझे वाहतात, वेलींत अडकतात. माज सरला की गळू द्या, माज येण्याआधी पुन्हा फुटू द्या."

"आणि मधल्या काळात? कोवळे शिंग दुखरे असते."

"दाट झाडीत राहतील. लपणे त्यांना कोणी शिकवायला नको."

वायूने सांबराकडे पाहिले. "ज्याचे शिंग, त्याला विचारले पाहिजे," तो म्हणाला, आणि वाहनाच्या कानाशी वाकला. सांबर क्षणभर निश्चल राहिला. मग त्याने मस्तक जोराने झाडले. एक शिंग खडकावर खणकन पडले. दुसरे थोडे रेंगाळून गवतात पडले. सांबराने मान वर उचलली, इकडे तिकडे वळवून पाहिली, आणि ती हलकी झालेली पाहून एखाद्या पाडसासारखी उडी घेतली.

"तथास्तु," वायू म्हणाला. "या अरण्यातल्या प्रत्येक नराला, आणि त्यांच्या वंशात पुढे जन्मणाऱ्या प्रत्येकाला." काळविटांचे कळप त्या वेळी दूरच्या माळावर चरत होते, त्यांच्यापर्यंत तो शब्द पोचला नाही, म्हणून त्यांची शिंगे अजूनही जन्मभर टिकतात.

वंजुल ती प्रचंड जोडी खांद्यावर घेऊन सायंकाळच्या आत राजाच्या शिबिरात पोचला. भद्रायुधाने शिंगे हातात घेतली, फिरवून पाहिली. बुडाशी खडबडीत, गोल कडे होते. सुरीची वा कुऱ्हाडीची खूण कोठेही नव्हती.

"हे कापलेले नाही," राजा म्हणाला. "सांबर कोठे आहे?"

"खिंडीत चरत असेल, महाराज."

राजाला ते खरे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी सैन्य सीमेवरच ठेवून तो एकटा वंजुलाबरोबर अरण्यात शिरला. पहिल्याच पाणवठ्यावर त्याने सात-आठ नर पाहिले, सारे उघड्या माथ्यांचे. परतताना मोहाच्या झाडाखाली त्याच्याच पायाला एक शिंग लागले. ते उचलून तो पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहत राहिला.

"पुढच्या वर्षी?" त्याने विचारले.

"पुन्हा येतील, पुन्हा गळतील."

"मग मला घाई नाही," भद्रायुध म्हणाला. त्याने सेनापतीला परतीची आज्ञा दिली. तीन वसंत तो स्वतः मंदवनात येत राहिला, वंजुलाच्या मागोमाग वाकून चालत शिंगे वेचीत राहिला. आणि त्याचे शृंगासन एकही प्राण न घेता पुरे झाले. त्यावर तो बसला की सभेला वेचण्याच्याच गोष्टी अधिक सांगे.

मौंजायन मुनींनी पुढेही भेटल्याबरोबर "हिंसा सोड" म्हणणे सोडले नाही, आणि वंजुलानेही वर्षाकाठची चार हरिणे सोडली नाहीत. ऐंशी वर्षांचा होईपर्यंत तो वनात जात होता. अखेरच्या काही वर्षांत प्रत्यंचा ओढवेना, तेव्हा गुंजा त्याच्याबरोबर जाऊ लागली, आणि इतकी वर्षे जे तिने ऐकले होते ते एका शिळेवर बसून तिने डोळ्यांनी पाहिले.

तो वर आजही चालू आहे. वसंत सरता सरता चितळ आणि सांबर आपली शिंगे रानात टाकून देतात, दाट झाडीत शिरतात, आणि मखमली लवेने झाकलेली नवी शिंगे घेऊन यथाकाल बाहेर येतात. वनवाटेने जाताना कोणाला पाचोळ्यात पडलेले शिंग सापडले, तर त्याने खुशाल समजावे, की त्याचा धनी जिवंत आहे आणि जवळपासच कोठे तरी चरत आहे.